निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

रायपूरच्या सदर बाजारात नुसत्या झळाळीवरून सोन्याचा कस ठरवणारा सराफ एक दिवसही टिकणार नाही. परंतु नळाचे पाणी निवळ दिसले की ते शुद्ध आहे, असा निर्वाळा आपण सारेच बिनदिक्कत देतो. शुद्ध पाणी म्हणजे रोगजंतुरहित पाणी. त्याचा दाखला डोळे देत नाहीत, तर अवशिष्ट क्लोरीन (जंतू मारून शेष उरलेले औषध) देते, आणि भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. रायपूरला मिळणारे खारून नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष बाहेर पडले, तरी पुरवठा थांबून नळातील दाब ओसरला म्हणजे गटाराशेजारच्या जीर्ण सांध्यांतून मैलपाणी आत शोषले जाते. २००१ साली सहा लाखांचे असलेले हे शहर २०११ साली दहा लाखांचे झाले; अशा वाढत्या शहरांत हा धोका जमिनीखाली असल्यामुळेच दुर्लक्षित राहतो. झांबियातील लुसाका येथे २०१७-१८ साली पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली, तेव्हाही दाट वस्तीतील उथळ विहिरी आणि शौचखड्डे यांचे सान्निध्यच घातक ठरले होते. म्हणून दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची वार्ता कानी येताच, पाणी कितीही नितळ दिसो, उकळी फुटल्यावर ते निदान एक मिनिट उकळू द्यावे.