मोटारगाडीच्या इंजिनासाठी ऑईल फिल्टरची निवड : निकष आणि दक्षता

प्रस्तावना :

मोटारगाडीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट व बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांसारखे धातूचे भाग अत्यंत वेगाने एकमेकांलगत फिरत वा सरकत असतात. त्यांचा एकमेकांशी थेट संपर्क होऊ न देण्याचे कार्य वंगण तेलाचा पातळ थर करतो. काही ठिकाणी या थराची जाडी अवघी काही मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. मानवी केसाची जाडी साधारणपणे ७० मायक्रॉन असते. तेलाच्या थराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कठीण कण या फटीत शिरला की धातूच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि त्यातून सुटलेले धातूचे नवे कण पुढील झिजेस कारणीभूत होतात. ही साखळी तोडण्याचे काम ऑईल फिल्टर करतो.

बहुसंख्य वाहनधारक तेलाची निवड चिकित्सेने करतात. परंतु फिल्टरची निवड मात्र दुकानदारावर किंवा मेकॅनिकवर सोपवितात. काही शे रुपयांच्या या वस्तूवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून फिल्टर निवडताना कोणते निकष लावावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑईल फिल्टरचा विकास :

आरंभीच्या मोटारगाड्यांत तेल गाळण्यासाठी पंपाच्या तोंडाशी बसविलेल्या जाळीपलीकडे काही सोय नसे. १९२३ मध्ये अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी 'प्युरोलेटर' हा मोटारगाडीसाठीचा ऑईल फिल्टर तयार केला. त्यानंतरच्या काळातील अनेक गाड्यांत पंपातून निघणाऱ्या तेलाचा केवळ काही भागच फिल्टरमधून जात असे. पुढे संपूर्ण तेल गाळून मगच बेअरिंगकडे पाठविणारी 'फुल-फ्लो' पद्धत रूढ झाली. १९५० च्या दशकात आट्यांवर फिरवून बसविता येणारा, पत्र्याच्या डब्यातील 'स्पिन-ऑन' फिल्टर प्रचारात आला. आज स्पिन-ऑन आणि कायमस्वरूपी घरात केवळ आतील भाग बदलण्याचा 'कार्ट्रिज' हे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात.

रचना व कार्य :

फिल्टरच्या बाहेरील कडेच्या छिद्रांतून तेल आत येते, घड्या घातलेल्या गाळण-माध्यमातून पार होते आणि मध्यभागी असलेल्या नळीतून इंजिनाकडे जाते. या रचनेत दोन झडपा महत्त्वाच्या आहेत.

पहिली झडप बायपासची. तेल थंड व घट्ट असताना किंवा गाळण-माध्यम कचऱ्याने भरल्यावर तेलाच्या प्रवाहास अडथळा होतो. अशा वेळी इंजिन तेलावाचून राहू नये म्हणून ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. तेलावाचून इंजिन चालण्यापेक्षा अशुद्ध तेलावर चालणे कमी घातक, हा त्यामागील विचार आहे. मात्र यात एक धोका दडलेला आहे. झडप उघडल्यावर तेलाचा दाब टिकून राहतो. त्यामुळे डॅशबोर्डवरील ऑईल प्रेशरचा दिवा लागत नाही. फिल्टर निरुपयोगी झाला असूनही चालकास त्याची कोणतीच सूचना मिळत नाही.

दुसरी झडप तेल परत जाऊ न देणारी. फिल्टर आडवा किंवा उलटा बसविलेला असल्यास इंजिन बंद केल्यानंतर त्यातील तेल खाली ओघळते. सकाळी इंजिन सुरू करताना प्रथम रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि तेवढे क्षण बेअरिंगना पुरेसे तेल मिळत नाही. ही झडप ते तेल फिल्टरमध्येच रोखून धरते.

निवडीचे निकष :

१. इंजिनाशी अनुरूपता : हा सर्वांत प्राथमिक निकष होय. वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील किंवा फिल्टर-उत्पादकाच्या सूचीतील भाग क्रमांकानुसारच फिल्टर घ्यावा. 'आटे बसतात' एवढ्यावर समाधान मानू नये. २० मिलिमीटर व्यासाचे व १.५ मिलिमीटर अंतराचे आटे आणि ३/४ इंच व्यासाचे, इंचास १६ आटे हे दोन प्रकार दिसण्यात जवळजवळ सारखे असतात. पहिल्या प्रकारचा फिल्टर दुसऱ्या प्रकारच्या नळीवर सैलसर बसतोही. परंतु तेलाच्या दाबाने तो निसटून काही क्षणांत सर्व तेल सांडू शकते. शिवाय बायपास झडप किती दाबास उघडावी हे इंजिनानुसार ठरते. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्याच ठोकळ्यात असते. ही भिन्नता बाहेरून दिसत नाही.

२. गाळण-माध्यम : सेल्युलोज म्हणजे कागदसदृश तंतू, काचेचे वा कृत्रिम तंतू आणि या दोहोंचे मिश्रण असे तीन प्रकार आढळतात. सेल्युलोज स्वस्त असून नेहमीच्या मुदतीत तेल बदलणाऱ्यास पुरेसे ठरते. कृत्रिम तंतू अधिक बारीक व एकसारखे असल्याने ते सूक्ष्म कण अडवूनही तेलाच्या प्रवाहास कमी अडथळा करतात आणि उष्णता व ओलावा यांत अधिक टिकतात. तेल बदलण्याची मुदत दीर्घ असल्यास असे माध्यम श्रेयस्कर होय.

३. कार्यक्षमता : 'हा फिल्टर २० मायक्रॉनचा आहे' हे विधान अपूर्ण आहे. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे सांगितल्याखेरीज त्यास अर्थ नाही. यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही आंतरराष्ट्रीय चाचणी-पद्धती आहे. फिल्टरपूर्वीच्या कणसंख्येस फिल्टरनंतरच्या कणसंख्येने भागले असता 'बीटा गुणोत्तर' मिळते. १०० कणांपैकी एकच पुढे गेला, तर बीटा १०० व कार्यक्षमता ९९ टक्के; पाच पुढे गेले, तर बीटा २० व कार्यक्षमता ९५ टक्के. कागदावर हा फरक चार टक्क्यांचा दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्या फिल्टरमधून पाचपट कण इंजिनात जातात. १९८८ मध्ये अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने प्रसिद्ध केलेल्या, जनरल मोटर्सशी संबंधित अभ्यासात ४० मायक्रॉनच्या गाळणीशी तुलना करता ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज ५० टक्क्यांनी आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. अशा चाचण्यांत तेलात मुद्दाम धूळ मिसळली जाते, हे ध्यानात घेता दैनंदिन वापरात नेमका एवढाच फरक पडेल असे मानता येत नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे.

४. धारणक्षमता : केवळ छिद्रे बारीक असणे पुरेसे नाही. बारीक गाळणारा परंतु लहान क्षेत्रफळाचा फिल्टर लवकर भरतो, बायपास झडप उघडते आणि उत्तम गाळणी असूनही तेल अशुद्धच फिरत राहते. म्हणून कार्यक्षमता, कचरा सामावून घेण्याची क्षमता व तेलाचा सुरळीत प्रवाह या तिन्हींचा समतोल साधणारा फिल्टरच चांगला म्हणावा लागेल.

५. झडपेचे रबर : तेल रोखणारी झडप नायट्राइल किंवा सिलिकॉन रबराची असते. नायट्राइल सततच्या उष्णतेने कडक होते. सिलिकॉन दीर्घकाळ लवचिक राहते. सिलिकॉनची झडप बहुधा नारिंगी वा तांबूस असते. तथापि केवळ रंग हा पुरावा नव्हे, उत्पादकाची माहिती पाहावी.

बनावट मालाविषयी दक्षता :

नामांकित कंपन्यांच्या वेष्टनाची हुबेहूब नक्कल करून निकृष्ट फिल्टर विकले जातात. पत्र्याचा डबा बंद असल्याने आतील माध्यम अपुरे असल्याचे किंवा झडप नसल्याचे ग्राहकास कळत नाही. वेष्टनावरील उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल विक्री किंमत आणि ग्राहक-संपर्काची माहिती तपासावी. अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी आणि पावती जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये बनावट वस्तूंची विक्री हा दंडनीय अपराध आहे. परंतु दाद मागण्यास पावतीचा आधार लागतो.

बसविणे, बदलणे व मर्यादा :

जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलेले नाही, याची खात्री करावी. एकावर एक दोन गॅस्केट बसल्यास तेल वेगाने गळते. नव्या गॅस्केटला तेलाचे बोट लावावे आणि फिल्टर उत्पादकाच्या सूचनेनुसार हातानेच आवळावा. कार्ट्रिज प्रकारात टोपणाची रबरी रिंगही बदलावी. तेल बदलताना फिल्टर बदलणे सर्वथा इष्ट होय. धुळीच्या रस्त्यांवर किंवा सतत कोंडीत गाडी चालत असल्यास उत्पादकाने 'कठीण वापरा'साठी दिलेली कमी मुदत पाळावी.

फिल्टर केवळ घन कण अडवितो. तेलात मिसळलेले इंधन, पाणी व आम्ले तो काढू शकत नाही. त्यामुळे फिल्टर कितीही उत्तम असला तरी जुने तेल नवे होत नाही. तसेच धूळ मुळात हवेवाटे इंजिनात शिरत असल्याने एअर फिल्टरची निगा ही ऑईल फिल्टरइतकीच आवश्यक आहे.

निष्कर्ष :

सर्वांत महाग किंवा सर्वांत बारीक गाळणारा फिल्टर हाच सर्वोत्तम, हा समज यथार्थ नाही. इंजिनास अनुरूप, चाचणीने कार्यक्षमता सिद्ध झालेला, पुरेशा धारणक्षमतेचा, विश्वासार्ह झडपांचा आणि अस्सल असा फिल्टरच योग्य ठरतो. तथापि भरलेल्या फिल्टरची सूचना देणारा दिवा सर्वसाधारण गाडीत नसतो. म्हणून उत्तम फिल्टर मुदतीनंतरही वापरत राहण्यापेक्षा साधा पण अस्सल व अनुरूप फिल्टर वेळेवर बदलणे इंजिनाच्या अधिक हिताचे होय.