शिष्यवृत्ती अडकली कुठं?

लेकीनं महाडीबीटीवर अर्ज भरला, परीक्षा जवळ आली, तरी पैसे नाहीत. फी कुठून भरायची म्हणून पोरीला घरी बसवायचं मनात येतं. थांबा. आधी अर्ज कुठं अडकलाय ते बघू.

मोबाईलवर किंवा सेतू केंद्रात तिचा अर्ज उघडा. अर्ज पहिल्यांदा कॉलेजकडं जातो. कॉलेजनं तपासला की सरकारी खात्याकडं. कॉलेजातच पडून असेल, तर शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या क्लार्कला भेटा. चूक काढून परत पाठवला असेल, तर दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवावा लागतो. आपण बघितलंच नाही, तर तो तसाच पडून राहतो. तहसीलचा उत्पन्न दाखला जुना असतो, किंवा आधारवर एक नाव नि गुणपत्रिकेवर दुसरं असतं.

अर्ज मंजूर, तरी पैसे नाहीत? शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते. दोन बँकांत खाती असतील, तर ज्याला आधार शेवटी जोडलं त्यात. त्या पासबुकावर नोंद करून घ्या. आधार कुठंच जोडलेलं नसेल, तर बँकेत जाऊन जोडा.

आणखी एक. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, सरकारी प्रवेशफेरीतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे.

दर वर्षी अर्जाकडं लक्ष द्यायचं, हे विसरू नका. येत्या बैठकीला सगळ्यांनी लेकींचे अर्ज उघडून बघूया.