आपली बाजू मांडण्याचे वेतन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 2000 साली संमत झालेल्या विकासात्मक अपंगत्वविषयक संघीय कायद्यातील व्याख्या भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. मानसिक वा शारीरिक दोषातून उद्भवलेले, बाविसाव्या वर्षापूर्वी प्रकट झालेले, बहुधा आयुष्यभर टिकणारे आणि जीवनव्यवहाराच्या सात क्षेत्रांपैकी निदान तिहींत मोठी मर्यादा घालणारे ते विकासात्मक अपंगत्व, असे ती सांगते. स्वतःची देखभाल, भाषेचे ग्रहण व अभिव्यक्ती, अध्ययन, हालचाल, आत्मनिर्णय, स्वतंत्रपणे राहण्याची पात्रता आणि आर्थिक स्वावलंबन ही ती सात क्षेत्रे होत. अशा अपंगत्वासह वाढलेल्या तरुणांना स्वतःची व आपल्यासारख्यांची बाजू मांडण्याचे शिक्षण द्यावे आणि त्या शिक्षणाच्या काळात त्यांना पैसे द्यावेत, ही जी प्रथा त्या देशात रूढ होत गेली, तिच्यात या यादीतील दुसरे व सातवे क्षेत्र, म्हणजे भाषा आणि अर्थार्जन, एकत्र येतात.

या व्यवहाराला मराठीत ‘वकिली’ म्हटले तर न्यायालयाचा वास येतो, आणि ‘स्वपक्षसमर्थन’ हा शब्द ज्यांच्यासाठी घडवावा त्यांनाच तो उच्चारता येणे कठीण. ‘आपली बाजू आपण मांडणे’ हे साधे वर्णन त्यांतल्या त्यात बरे. या कल्पनेचा उगम सामान्यतः स्वीडनमध्ये दाखविला जातो. बेंग्ट निर्जे यांच्या प्रयत्नांतून तेथे 1960 नंतरच्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना सभा चालविण्याचे, मत देण्याचे व ठराव करण्याचे शिक्षण मिळू लागले, आणि 1970 साली माल्मो येथील परिषदेत अशा प्रतिनिधींनी निवास, काम व फुरसत यांविषयी आपल्या मागण्या स्वतः मांडल्या. अमेरिकेत 1974 साली ऑरेगन राज्यातील सेलम येथे जो गट उभा राहिला, त्याची प्रेरणा मात्र काहीशी निराशेतून आली होती. आदल्या वर्षी ब्रिटिश कोलंबियात भरलेल्या परिषदेस ऑरेगनची मंडळी गेली, तेव्हा तेथील कार्यक्रमावर व्यावसायिकांचीच छाप असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी परतून आपली परिषद आपणच भरविण्याचे ठरविले आणि ‘आधी माणसे’ अशा अर्थाचे नाव घेतले.

या घटनेचे भाषिक मर्म समजण्यास अर्विंग गॉफमन यांनी 1979 साली केलेले विवेचन उपयोगी पडते. ‘वक्ता’ या एका शब्दाखाली तीन भूमिका लपलेल्या असतात, असे त्यांनी दाखविले: शब्द मुखाने उच्चारणारा, ते शब्द निवडून रचणारा, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांनी प्रस्थापित होते तो. सामान्य संभाषणात या तिन्ही एकाच व्यक्तीत नांदतात. विकासात्मक अपंगत्व असलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र बहुधा तिसरीच येत असे. उच्चार व रचना आईवडिलांकडे, डॉक्टरांकडे किंवा संस्थाचालकांकडे राहत. त्याच्या हिताविषयी पुष्कळ बोलले जाई, परंतु ते त्याच्या तोंडून नव्हे.

प्रशिक्षणाचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. मिनेसोटा राज्याच्या विकासात्मक अपंगत्व मंडळाने 1987 साली सुरू केलेल्या अभ्यासक्रमात प्रौढ अपंग व्यक्ती आणि अपंग बालकांचे पालक एकत्र बसत. आठ सप्ताहान्तांत कायदा, शासनयंत्रणा व लोकप्रतिनिधींपुढे निवेदन करण्याची रीत शिकविली जाई. तेथे प्रवास, भोजन व निवास यांचा खर्च मिळे, पण तो खर्च होता, वेतन नव्हे. 2000 च्या कायद्याने राज्यमंडळांवर आणखी एक गोष्ट सोपविली: नेतृत्वाचे शिक्षण अपंग व्यक्तींनीच अपंग व्यक्तींना द्यावे, यास साहाय्य करणे. पुढे विद्यापीठांशी संलग्न अशा ज्या केंद्रांत बालरोगतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ व समाजकार्यकर्ते 300 तास किंवा अधिक काळ एकत्र प्रशिक्षण घेतात, त्यांतील अनेकांत ‘आपली बाजू मांडणे’ ही स्वतंत्र ज्ञानशाखा मानून अपंग प्रशिक्षणार्थीही घेतले जाऊ लागले. एका मेजाभोवतीच्या इतरांना विद्यावेतन आणि यालाच केवळ आभार, ही विसंगती तेथे लपून राहणे शक्य नव्हते.

या रकमेला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर शब्दांचा आहे. मराठीतही ‘वेतन’, ‘विद्यावेतन’, ‘मानधन’ आणि ‘बक्षीस’ यांच्या छटा निराळ्या आहेत. ‘मानधना’त मान मोठा आणि धन बेताचे, हा अनुभव प्राध्यापकवर्गालाही नवा नसावा. परंतु अमेरिकेतील निर्धन अपंगांना मिळणाऱ्या संघीय निर्वाहसाहाय्याच्या नियमांत हाच भेद डॉलरांत मोजला जातो. अन्य उत्पन्न नसलेल्या व्यक्तीस महिन्याला 500 डॉलर श्रमार्जित म्हणून मिळाले, तर प्रथम 20 व नंतर 65 डॉलर वगळून उरलेल्या 415 च्या निम्मे, म्हणजे 207.50 डॉलर, साहाय्यातून वजा होतात. तीच रक्कम अनर्जित ठरली तर 480 डॉलर कापले जातात, आणि हाती नव्याने येतात ते 20! त्यातच एकट्या व्यक्तीची गणनीय मालमत्ता 2000 डॉलरांपलीकडे गेली की साहाय्यच थांबते. ही मर्यादा 1989 पासून बदललेली नाही. विद्यार्थ्यांसाठी व शिक्षणशुल्कासाठी काही सवलती आहेत. तरीही आपले हक्क मांडावयास शिकणाऱ्याने पहिला हिशोब करावयाचा तो आपल्याच विद्यावेतनाचा, असे घडते.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. जो पैसे देतो तो शब्दही देऊ लागला तर? प्रशिक्षक भाषण लिहून देतो, प्रशिक्षणार्थी ते पाठ करून समितीपुढे म्हणतो; गॉफमनच्या भाषेत उच्चार त्याचा झाला, रचना मात्र परक्याचीच राहिली. हा धोका खरा आहे. परंतु तो वेतनाने निर्माण होत नाही. विनामूल्य बोलणाऱ्याच्या तोंडीही दुसऱ्याचे शब्द घातले जातात, आणि त्याला ते नाकारणे अधिकच अवघड जाते, कारण तो पाहुणा असतो. क्षेत्रीय भाषाशास्त्रात बोली सांगणाऱ्या निवेदकाला त्याच्या वेळेचा मोबदला देण्याची पद्धत जुनी आहे. त्या मोबदल्याने त्याची साक्ष खोटी ठरते असे कोणी म्हणत नाही. उलट, तिचा प्रामाण्याधिकार त्याच्याकडेच राहतो.

युरोपातील ‘सुलभ वाचन’ लेखनात असाच संबंध दृष्टीस पडतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील मानकांनुसार अशा मजकुराच्या निर्मितीत बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींचा सहभाग आवश्यक मानला गेला. जर्मन भाषेच्या प्रदेशात त्यासाठी परीक्षक-वाचकांचे गट असतात; मजकूर त्यांच्यापुढे ठेवला जातो, आणि जे वाक्य त्यांना कळले नाही ते वाक्य, त्याचा लेखक कितीही विद्वान असो, पुन्हा लिहावे लागते.