संगणकाचे अनुमान आणि त्याचे कारण

पर्वतावर धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे मनाशी ठरविणे वेगळे आणि तेच दुसऱ्याला पटवून देणे वेगळे. पहिल्यास नैयायिक स्वार्थानुमान म्हणतात. दुसऱ्यासाठी, म्हणजे परार्थानुमानासाठी, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन हे पाचही अवयव मांडावे लागतात.

नियमांवरून तर्काने निष्कर्ष काढणाऱ्या संगणक-प्रणालींपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. अशा प्रणाली रचण्यासाठी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने १९८०नंतर जे साधन तयार केले, त्याचे नाव 'विद्वान'. नावातच अपेक्षा आहे. विद्वानाने नुसता निर्णय देऊन भागत नाही.

या अपेक्षेची कसोटी अमेरिकेत आधीच लागली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०नंतरच्या दशकात तयार झालेली 'मायसिन' ही प्रणाली रक्तातील जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके सुचवीत असे. तिच्यात काही शे नियम होते. 'हा निष्कर्ष कसा काढला?' असे विचारताच ती वापरलेल्या नियमांची साखळी उलगडून दाखवी. औषधाच्या चिठ्ठीवर सही डॉक्टरची असते, संगणकाची नव्हे. तेव्हा ही सोय केवळ शोभेची नव्हती.

तथापि याच नियमांच्या आधारे विद्यार्थ्यांना शिकवू पाहणाऱ्या विल्यम क्लॅन्सी यांनी १९८३ मध्ये तिची उणीव दाखवून दिली. आठ वर्षांखालील मुलास टेट्रासायक्लिन देऊ नये, असा एक नियम होता. 'का?' म्हटल्यास प्रणालीजवळ त्या नियमापलीकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. हे औषध वाढत्या दातांतील व हाडांतील कॅल्शियमशी संयोग पावते आणि दात कायमचे डागाळतात, हे खरे कारण नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञाच्या मनातच राहिले होते. एरवी त्यावाचून अडत नाही. पण संसर्ग जीवघेणा असेल आणि दुसरे औषध चालत नसेल, तर नियम मोडावा काय? डागाळलेले दात आणि मुलाचा जीव यांची तुलना कारण ठाऊक असणाऱ्यालाच करता येते. न्यायाच्या भाषेत, 'मायसिन'ला व्याप्ती पाठ होती. ती कशावर उभी आहे, हे ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास विल्यम स्वॉर्टआउट यांनी हृदयरोगावरील डिजिटॅलिस या औषधाची मात्रा ठरविणाऱ्या प्रणालीत कार्यकारणांचे ज्ञान स्वतंत्रपणे साठविले आणि सल्ल्याचे नियम त्यातूनच संगणकाकडून तयार करविले. रक्तातील कॅल्शियम वाढले असता मात्रा कमी का करावयाची, असे विचारल्यास ही प्रणाली सांगे, की वाढलेल्या कॅल्शियममुळे हृदयाची आपोआप उद्दीपित होण्याची प्रवृत्ती वाढते, डिजिटॅलिसनेही तीच वाढते, आणि दोन्ही एकत्र आल्यास हृदयाचे प्राणघातक कंपन सुरू होण्याचा धोका असतो.