आर्थर रोडमधला अणू

अंगारकीला आजीबरोबर टिटवाळ्याला जायचं, हा आमच्या डोंबिवलीच्या घरचा नेम. कल्याणला गाडी बदलायची आणि महागणपतीच्या रांगेत उभं राहून पाय दुखेपर्यंत पुढे सरकायचं. एकदा रांगेतले एक म्हातारे गृहस्थ आजीला म्हणाले, "बाई, या गावात पंचेचाळीस साली लाल बावट्याची परिषद भरली होती. उंबरगावाकडचे वारली आले होते." आजीनं मान डोलावली आणि दूर्वा नीट धर म्हणून मला दटावलं. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कॉलेजात असताना कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आणलं आणि दोन रात्रींत संपवलं. ७ जानेवारी १९४५ ची टिटवाळ्याची किसान सभेची परिषद, तिथे आलेला माह्या धांगडा, मे महिन्यातली झरीची सभा, लग्नाच्या कर्जापायी 'लग्नगडी' म्हणून राबवून घेण्याची प्रथा आणि वेठबिगार यांच्याविरुद्धचा लढा, ऑक्टोबरातला तलवाड्याचा गोळीबार. हे सगळं त्या पुस्तकात आहे, म्हणून त्यात शिरत नाही. माझं कुतूहल अडकून राहिलं ते गोदावरीबाईंच्या शेजारी, अर्ध्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाशी. शामराव परुळेकर, त्यांचे पती. १९५७ ते १९६२ या काळात आपल्या ठाण्याचे खासदार. ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते स्थानबद्ध होते आणि त्यांच्यावर खटला चाललेला नव्हता. देशाच्या संरक्षणाला या माणसापासून धोका आहे, एवढं सरकारचं म्हणणं कागदावर होतं. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचं हे असं कसं झालं, या प्रश्नाच्या मागे मी बरीच वर्षं लागलो.

शामराव मूळचे भारत सेवक समाजाचे. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात गेले आणि खोतीविरुद्धच्या लढ्यात बाबासाहेबांच्या बरोबर उभे राहिले. पुढे कम्युनिस्ट झाले, गोदावरीबाईंशी लग्न झालं, आणि दोघांनी ठाणे जिल्हा आपला मानला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्याच्या द्विसदस्य मतदारसंघातून शामराव आणि त्यांचे आदिवासी सहकारी लक्ष्मण महादू मातेरा असे दोघेही कम्युनिस्ट लोकसभेत गेले. कल्याण-ठाण्याच्या आजच्या राजकारणाकडे पाहून कुणाला हे खरं वाटणार नाही.

मग चीन आला. सरहद्दीवर चिनी सैन्याशी चकमकी झाल्या: २५ ऑगस्ट १९५९ ला लोंगजू, २१ ऑक्टोबरला कोंगका ला. त्या दिवशी मारल्या गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी पोलीस हुतात्मा दिन पाळतो. कम्युनिस्ट पक्षात मतभेद माजले. चीनला दोष देणारे डांगे एका बाजूला, डाव्या गटाचे रणदिवे दुसऱ्या. संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या घटक पक्षांतही या प्रश्नावरून ताण आला. १९६२ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत शेजारच्या उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांच्यात देशाच्या संरक्षणावरूनच कुस्ती झाली. सरहद्दीवरचा मुलूख आपण प्रतिकार न करता घालवला, हा कृपलानींचा १९६१ च्या एप्रिलात लोकसभेत केलेला आरोप सभासभांतून घुमला. पण डिसेंबरात गोवा मुक्त झाला होता आणि नेहरू मेनन यांच्या पाठीशी उभे होते. मेनन मोठ्या फरकानं जिंकले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. संरक्षण खातं यशवंतराव चव्हाणांकडे आलं. ठाण्याची जागा त्या निवडणुकीत काँग्रेसकडे गेली.

इथे माझं मत सांगून टाकतो. कोंगका लानंतर कम्युनिस्टांतल्या डाव्या गटानं चीनला स्पष्ट शब्दांत आक्रमक म्हणायला हवं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही, ही त्यांची मोठी चूक. आपल्या माणसांचे मृतदेह परत येत असताना वाटाघाटींची भाषा लोकांच्या कानाला परकी वाटली आणि त्यात नवल नव्हतं. पण चुकीच्या मताला उत्तर सभेत द्यायचं असतं, मतपेटीत द्यायचं असतं. सरकारनं दुसरा मार्ग धरला. २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली, पाठोपाठ खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारे भारत संरक्षण नियम आले आणि नोव्हेंबरात कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. चीननं २१ नोव्हेंबरला युद्धबंदी जाहीर केली. आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक त्याच आणीबाणीत पार पडली.

शामरावांच्या मृत्यूची मुळं शोधताना मी १९६४ च्या अखेरीला येऊन थांबलो. त्या वर्षाचे शेवटचे पाच महिने मला झपाटून टाकतात, कारण त्या महिन्यांत जगभर निवडणूक, देशाचं संरक्षण आणि अणू यांची एकच गाठ बसली होती. अमेरिकेत जॉन्सन आणि गोल्डवॉटर यांच्यात अध्यक्षपदाची लढत होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर झालेल्या हल्ल्यांची बातमी आली, अमेरिकन काँग्रेसनं जवळजवळ एकमुखानं अध्यक्षांना युद्धाचे अधिकार दिले. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे नंतर उघड झालं. ७ सप्टेंबरला जॉन्सन यांच्या प्रचारकांनी फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या चिमुरडीची आणि तिच्या डोळ्यांत उसळणाऱ्या अणुस्फोटाची जाहिरात दाखवली. १६ ऑक्टोबरला चीननं खरोखरीच अणुबाँब फोडला. आठवड्याभरानं होमी भाभा आकाशवाणीवरून दहा किलोटनांच्या स्फोटाला साडेसतरा लाख रुपये लागतील, असा हिशेब मांडत होते. ठाण्याच्या खाडीच्या मुखाशी, तुर्भ्याला, प्लुटोनियम वेगळं काढण्याचा कारखाना तयार होत होता. जनसंघ बाँबची मागणी करत होता, पंतप्रधान शास्त्रीजी पक्षातल्यांना आवरत होते.

आणि त्याच सप्टेंबरात मुंबईच्या तुरुंगातून एका स्थानबद्धानं महाराष्ट्र सरकारला अर्ज केला होता की, मी लिहिलेलं पुस्तक प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्या. अर्जदार होते प्रभाकर पांडुरंग संझगिरी, पुढे मार्क्सवादी पक्षाचे राज्यातले नेते आणि लेखक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते. पुस्तक मराठी. नाव 'अणूच्या अंतरंगात'.

त्या अर्जाची गोष्ट मला एका वकील मित्राच्या ठाण्यातल्या कपाटात सापडली, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या जाड खंडात. शोधायला गेलो होतो शामरावांना; त्यांचं नाव त्यात नाही. पण निकाल उभ्यानंच वाचून काढला आणि मग खाली बसून पुन्हा वाचला.

ही हकिगत अशी. संझगिरींनी पुस्तक सरकारच्याच परवानगीनं कोठडीत लिहिलं. सप्टेंबर १९६४ मध्ये अर्ज गेला, नकाराचं पत्र आलं २७ मार्च १९६५ ला. मधल्या काळात काय झालं ते पाहा. २९-३० डिसेंबरच्या रात्री गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी कम्युनिस्ट पक्षातून फुटून निघालेल्या डाव्या गटाच्या नव्या मार्क्सवादी पक्षाच्या शेकडो लोकांना उचललं. केरळात निवडणूक तोंडावर होती. ई. एम. एस. नंबुद्रीपाद आणि ज्योती बसू यांना बाहेर ठेवलं, बाकी बहुतेक मोठी नावं आत. फेब्रुवारीत नंदांनी संसदेपुढे निवेदन ठेवलं, त्यात पेकिंगवादी कम्युनिस्टांच्या घातपाताच्या तयारीचं वर्णन होतं. ४ मार्चला केरळनं मतदान केलं आणि १३३ पैकी ४० जागा देऊन त्याच पक्षाला सगळ्यांत मोठा केला. निवडून आलेल्यांतले बरेच जण गजाआड होते. कुणाचंच बहुमत जमत नाही म्हणून विधानसभा एकदाही न बसता मार्चमध्येच विसर्जित झाली. सरकारजवळ पुरावा होता तर तो न्यायालयात मांडायचा होता. मतदानाच्या तोंडावर संसदेत निवेदन ठेवून ज्यांच्यावर ठपका ठेवला, त्यांना उलटून बोलायची सोय नव्हती. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि केरळच्या मतदारालाही ते तसंच वाटलं असावं.

संझगिरींच्या पुस्तकाला नकार मिळाला तो याच मार्चमध्ये. त्यांनी आर्थर रोडच्या अधीक्षकांकडे पुन्हा अर्ज केला, तोही फेटाळला गेला. मग ते उच्च न्यायालयात गेले. तिथल्या न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका वाचली. हे पुस्तक मूलद्रव्यांच्या सिद्धांताची वस्तुनिष्ठ मांडणी करतं, निव्वळ विज्ञानाचं आहे, त्यानं देशाच्या संरक्षणाला बाधा येणं शक्य नाही, असं त्यांनी नोंदवलं आणि हस्तलिखित बाहेर पाठवू देण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. या पानावर मी फार वेळ घालवला आहे, कारण हे आपलं मराठी राज्य, मराठीसाठी माणसांनी रक्त सांडून मिळवलेलं, जेमतेम पाच वर्षांचं. आणि ते एका मराठी विज्ञानाच्या पुस्तकाविरुद्ध दिल्लीपर्यंत गेलं. युक्तिवाद होता, स्थानबद्धांच्या अटींच्या १९५१ च्या आदेशात त्यांना ज्या सवलती दिल्या आहेत तेवढ्याच त्यांच्या. पुस्तक छापण्याची सवलत त्यात लिहिलेली नाही, म्हणून ती नाही. शिवाय आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच बंद आहे.

न्या. सुब्बा राव यांनी हा युक्तिवाद एका साध्या दाखल्यानं मोडला: असं मानलं तर अटींत जेवणाचा उल्लेख नसला की स्थानबद्धाला उपाशीही ठेवता येईल. कायद्यानं जे काढून घेतलेलं नाही, ते माणसाचंच राहतं. आणि कायद्याबाहेर जाऊन निर्बंध घातला असेल, तर आणीबाणीतही दाद मागता येते. हस्तलिखित बाहेर जाऊ द्या, हा उच्च न्यायालयाचा आदेश कायम झाला.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपल्या फौजा पंजाबात सरहद्द ओलांडून लाहोरच्या रोखानं निघाल्या. युद्ध खऱ्या अर्थानं पेटल्याच्या दिवशी सर्वोच्च न्यायालय एका स्थानबद्ध कम्युनिस्टाच्या अणुविषयक पुस्तकाला तुरुंगाचं दार उघडून देत होतं. देशाची सुरक्षितता म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या दालनात ज्यांना कळलं होतं, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

शामराव त्याच आर्थर रोडमध्ये होते. विधिमंडळ आणि संसद दोन्ही पाहिलेला, साठी ओलांडलेला माणूस. गोदावरीबाईही तेव्हा स्थानबद्धच होत्या. निकाल आला तेव्हा शामरावांना जाऊन चौतीस दिवस झाले होते. तलासरीच्या पाड्यांवर आजही त्यांचं नाव सांगणारी माणसं आहेत. ठाण्यात, ज्या शहराच्या नावानं ते लोकसभेत बसले तिथे, मी अनेकांना विचारून पाहिलं. दोघातिघांनी "गोदाराणींचे यजमान ना?" असं उलट विचारलं. एका निवृत्त शिक्षकांनी थोडा वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाले, "खासदार होते का ते आपले?"