तेल्याला वाट कोण दाखवतं?

माळशिरस तालुक्यात कालव्याखाली ऊस आणि कोरड्या माळावर डाळिंब, ही वाटणी ठरलेली. पावसाने चार दिवस मुक्काम ठोकला की माळावरून डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या बातम्या येतात, तशा यंदाही आल्या. नुकसान आणि फवारण्या तुम्ही वाचल्याच असतील. मला कुतूहल वेगळंच. पान उन्हाकडे धरल्यावर दिसणारा तेलकट ठिपका, फळावरची 'एल'सारखी चीर हे ज्या झॅन्थोमोनास जिवाणूचं काम, त्याला ना डोळे, ना नाक. पावसाचा थेंब त्याला पानावर आणून टाकतो, पण पुढे ओल्या पानावरून जखमेपर्यंत कसं पोहोचायचं?

याचं उत्तर आधी मिळालं ते आतड्यातल्या ई. कोलायकडून. हॉवर्ड बर्ग यांनी पोहणाऱ्या एकट्या जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शकच बनवला आणि १९७२ मध्ये डग्लस ब्राऊन यांच्यासह त्याची चाल मांडली. सेकंदभर सरळ धाव, मग क्षणात गिरकी, आणि तोंड वळेल तिकडे पुन्हा धाव. दिशा निवडायची सोयच नाही! दोन मायक्रॉनच्या अंगाच्या दोन टोकांना चवीतला फरक जाणवणार तरी किती? म्हणून तो वेळेची तुलना करतो: मघापेक्षा आता बरं लागतंय का? लागत असेल तर गिरकी लांबणीवर टाकायची. ही 'मघा' जेमतेम तीन-चार सेकंदांपूर्वीची, आणि तिची नोंद राहते पेशीच्या ग्राहक प्रथिनांवर चिकटलेल्या मिथाइल गटांत. आपल्या रक्तातली पांढरी पेशी अंगाने मोठी. ती पुढचं-मागचं टोक एकदमच चाखते. एक-दोन टक्क्यांचा फरक तिला पुरतो.

झॅन्थोमोनासच्या कुळातही हे कसब आहे. भातावर कडा करपा आणणाऱ्या त्याच्या भावंडाला भाताच्या जलवाहिन्यांतला रस ओळखता येतो आणि आत शिरायला त्याचा उपयोग होतो, हे हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं.

हे वाचल्यापासून छाटणी बघवत नाही. ताजा काप म्हणजे अशा पाहुण्याला उघडलेलं दार, आणि तीच कात्री रोगट झाडावरून निरोगी झाडावर जाते. महागड्या फवारणीवर तासभर चर्चा करणारे आपण कात्रीबद्दल चकार शब्द काढत नाही. प्रत्येक झाडानंतर ती सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, हा सल्ला तर जुनाच. पिलीवकडच्या एका बागेत बांधावर द्रावणाची बादली ठेवलेली पाहिली. काठोकाठ भरलेली होती. कात्र्या कोरड्या.