उंबर पिकण्याआधी

पिकलेलं उंबर फोडलं की आतून केंबरं उडतात. फुंकर मारून ते खाणारी पिढी आता थोडी उरली. बाकीचे लोक किडकं म्हणून फेकून देतात. पण उंबर किडलेलं नसतं. ती केंबरं नसती, तर त्या फळात बी धरलं नसतं आणि बहुधा फळ कच्चं असतानाच गळून पडलं असतं. फोडल्यावर जी दिसतात ती मागे राहिलेली. खरा जथा फळ लाल होण्याआधीच बाहेर पडून गेलेला असतो आणि त्याच्यावरच पुढच्या उंबराचं फळणं अवलंबून असतं.

उंबर म्हणजे फायकस रेसिमोसा. वड, पिंपळ, पिंपरण, अंजीर ही त्याचीच भावंडं. या फायकस कुळात जगभरात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जातीचं परागीभवन करणारा कीटक वेगळा, ठरलेला आहे. उंबराचा सोबती सेराटोसोलन फ्युसिसेप्स. गांधीलमाश्यांच्या गणातला, जेमतेम दोन मिलिमीटरचा. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतल्या बाजूने फुलांनी भरलेली बंद कुपी असते. हजारो बारीक फुलं तिच्या भिंतीवर आत तोंड करून असतात. बाहेर जाण्यायेण्याला देठाच्या समोरच्या टोकावर एकच छिद्र, तेही खवल्यांनी आवळून बंद केलेलं.

फुलं तयार झाली की कुपीतून एक विशिष्ट गंध सुटतो. त्याच्या मागावर मादी येते आणि त्या खवल्यांतून अंग घासत आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, मिशाही बहुतेकदा मोडतात. परत बाहेर पडणं तिच्या नशिबी नसतं. तिच्या छातीवर दोन लहान कप्पे असतात आणि त्यांत आधीच्या झाडावरून गोळा केलेले परागकण. आत फिरत ती अंडी घालते आणि त्याच वेळी पायांनी कप्प्यांतले पराग काढून फुलांना लावते. हे अपघाताने होत नाही. मधमाशीच्या अंगाला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलावर सांडतात, तसं इथे नाही. ही मादी पराग मुद्दाम भरते आणि मुद्दाम लावते. त्या कप्प्यांचा शोध इस्रायलचे वनस्पतिशास्त्रज्ञ याकोव गलिल यांनी उंबराच्या एका आफ्रिकी भावंडावर काम करताना सहकाऱ्यांसह लावला, साठच्या दशकात. त्याआधी कितीतरी पिढ्या हे फळ फोडून पाहत होत्या.

काही फुलांचे दांडे आखूड, काहींचे लांब. आखूड दांड्याच्या फुलांच्या बीजकोशापर्यंत मादीची अंडी घालण्याची नळी सहज पोचते. तिथे अळी वाढते आणि ते फूल बी धरण्याऐवजी गाठ होतं. लांब दांड्याच्या फुलांत बहुतांशी बी धरतं. म्हणजे एकाच कुपीत काही फुलं झाडाच्या वाट्याला, काही केंबरांच्या. मादी तिथेच मरते.

तीन-चार आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. गाठीतून अजून बाहेर न आलेल्या माद्यांशी ते मीलन करतात आणि मग मिळून कुपीच्या भिंतीला बोगदा पाडतात. बोगदा झाला की त्यांचं आयुष्य संपतं. माद्या बाहेर येतात, याच सुमाराला पिकलेल्या नरफुलांतले पराग कप्प्यांत भरतात आणि बोगद्यातून उडून जातात. त्यानंतरच उंबर मऊ होतं, तांबूस होतं, गोड होतं. झाड पाहुण्यांना जाऊ देतं आणि मगच खाणाऱ्यांना बोलावतं.

इथवरची गोष्ट ऐकली की दोन जीवांची सुंदर मैत्री डोळ्यांसमोर येते, आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. मला मात्र उंबराचं खरं मोल त्यापुढे आहे असं वाटतं. कारण त्या कुपीच्या भोवती भुरटे चोर आहेत, चोरांवर जगणारे आहेत, राखण करणारे आहेत, फुकटचे प्रवासी आहेत. आणि इतकं सगळं असूनही ही व्यवस्था कोट्यवधी वर्षं मोडलेली नाही. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेले या केंबरांचे जीवाश्म 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यांची शरीररचना आजच्यासारखीच आहे.

बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संस्थेच्या आवारातल्या आणि आसपासच्या उंबरांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. महुआ घारा यांच्यासोबतच्या अभ्यासात त्यांनी या कुपीत वाढणाऱ्या बिगर-परागवाहक कीटकांची आयुष्यं मांडली. हे कीटक आत शिरतच नाहीत. बाहेर कुपीच्या सालीवर उभं राहून लांबलचक नळी भिंतीतून आरपार घालतात आणि आतल्या फुलांत अंडी देतात. झाडाला ते पराग देत नाहीत, फक्त जागा आणि अन्न घेतात. एक जात अगदी कोवळ्या कुपीवर येते, दुसरी परागीभवनाच्या सुमाराला, तिसरी नंतर. शेवटी येणाऱ्यांपैकी काहींच्या अळ्या आधीच्यांच्या अळ्यांवरच वाढतात. प्रत्येकीची वेळ ठरलेली.

यातल्या एका परजीवीच्या नळीकडे याच संस्थेतल्या लक्ष्मीनाथ कुंदनाती आणि नम्रता गुंडय्या यांनी अभियंत्यांच्या नजरेने पाहिलं. नळी केसाहून बारीक, भिंत कठीण, आणि एका आयुष्यात ती कितीतरी वेळा भोसकायची. 2014 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या नळीचं टोक दातेरी असतं आणि त्या दातांत जस्त साठलेलं असतं. मऊ फुलांत अंडी घालणाऱ्या परागवाहक मादीला असल्या हत्याराची गरजच पडत नाही. इतक्या लहान जीवाच्या शरीरात धातूची धार तयार व्हावी आणि तीही फळाची साल भेदण्यासाठी, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढच्या ओळीवर गेलो नव्हतो.

मग राखणदार. उंबराच्या खोडाफांद्यांवर मुंग्यांची वर्दळ असते, त्यात पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्या ठळक. या मुंग्यांना उंबराविषयी काही ममता नाही, त्या शिकार करतात. पण परागवाहक मादी चटकन आत शिरते, तर चोर कीटक सालीवर नळी खुपसून बराच वेळ अडकून उभे असतात. साहजिकच मुंग्यांच्या तोंडी जास्त करून तेच लागतात. विणकर मुंग्या केंबरं बाहेर पडायच्या टप्प्यातल्या उंबराचा आणि खुद्द केंबरांचा गंध ओळखतात, हे बोर्जेस यांच्या प्रयोगशाळेत युवराज रंगनाथन यांच्या कामातून कळलं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्प्टन आणि रॉबर्टसन यांनी 1988 मध्ये अशीच आणखी एक साखळी दाखवली. तिथल्या एका फायकसवर रस शोषणारे तुडतुडे बसतात. ते झाडाचा रस पितात, म्हणजे नुकसानच करतात. पण त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात, मुंग्यांमुळे चोर कीटक दूर राहतात आणि शेवटी झाडाला बी जास्त धरतं, परागवाहकही जास्त निपजतात. तुडतुड्याला झाडाचा शत्रू म्हणावं की मित्र, हे तुडतुड्याकडे पाहून ठरवताच येत नाही. आजूबाजूला आणखी कोण आहे, यावर ते ठरतं.

फुकटचे प्रवासी म्हणजे सूत्रकृमी. पंख नाहीत, पाय नाहीत, एका उंबरातून दुसऱ्यात जायचं तर केंबराच्या अंगावर चढण्यावाचून गत्यंतर नाही. काही झाडावर जगणारे, काही केंबरावर जगणारे. सत्यजीत गुप्ता आणि बोर्जेस यांनी 2019 मध्ये दाखवलं, की प्रवासी थोडे असले तर केंबराचंही बिघडत नाही, झाडाचंही नाही. संख्या वाढली की मात्र केंबराचं उडणं खालावतं आणि उंबराचं बी घटतं. वाहन वाटेतच पडलं तर प्रवासीही संपणार. म्हणून त्यांच्या संख्येला आपोआप लगाम राहतो.

लगाम हाच इथला कळीचा भाग आहे. मादीने पराग न आणताच अंडी घातली तर? शार्लोट जांडेर आणि ॲलन हेर यांनी पनामात नेमकं तेच घडवून पाहिलं. परागाविना माद्या कुप्यांत सोडल्या. ज्या जातींत माद्या मुद्दाम पराग वाहतात, त्या झाडांनी अशा कुप्या मोठ्या प्रमाणात गाळून टाकल्या, किंवा त्यांतून निपजलेली पिल्लं खूप कमी निघाली. ज्या जातींत पराग नुसते अंगाला चिकटून जातात, तिथे झाडांनी अशी शिक्षा केली नाही. जिथे फसवणूक शक्य, तिथेच पहारा.

आता वेळापत्रक. एका उंबरावरची फळं साधारण एकाच वेळी एका अवस्थेत असतात, पण शेजारच्या उंबराचा बहर वेगळ्या वेळी येतो. यामागे कारण आहे. बाहेर पडलेल्या मादीच्या हातात एखादा दिवस असतो. तेवढ्यात तिला स्वतःच्या झाडाहून वेगळं, नेमकं त्याच दिवशी फुलांवर आलेलं उंबर गाठायचं असतं. ती स्वतः जोरात उडू शकत नाही. ती झाडांच्या शेंड्यांवरच्या वाऱ्यावर स्वतःला सोडून देते आणि गंध लागला की खाली उतरते. नामिबियातल्या वाळवंटी उगाब नदीकाठी एकेकटी उभी असलेली फायकसची झाडं आणि त्यांच्या बियांची जनुकं ताडून पाहिली तेव्हा कळलं, की तिथल्या केंबरांनी पराग 160 किलोमीटरपर्यंत वाहून नेले होते. परागवहनाचे इतके लांबचे पल्ले क्वचितच नोंदले गेलेत.

तरीही वारा सगळं सांभाळू शकत नाही. एका टापूत वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुलांवर असायलाच हवं. नाहीतर केंबरांची साखळी तुटते, आणि एकदा तुटली की सगळीच झाडं वांझ. आफ्रिकेतल्या एका फायकसवरून ज्युडिथ ब्रॉनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये संगणकावर गणित मांडलं. चार वर्षं ही साखळी टिकायची तर शंभराच्या घरात झाडं लागतात, असं उत्तर आलं. देवळासमोर पार बांधून जपलेलं उंबर आपण एकटं समजतो. ते एकटं असूच शकत नाही. फळांनी लगडलेलं दिसतं, याचा अर्थ आसपास कुठे ओढ्याकाठी, बांधावर, दुसऱ्या गावच्या शिवारात त्याची भावंडं वेगवेगळ्या वेळी फळत आहेत.

सोबती हरवला तर काय होतं, याचा दाखला इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून आहे. तिथे सायकमोर नावाचं उंबराचं भावंड फांद्या लावून वाढवलं गेलं, पण त्याचा परागवाहक तिथे नाही. कच्च्या फळाला सुरीने चीर दिली की ते काही दिवसांत पिकतं. या चिरा देण्याविषयी ग्रीक थिओफ्रास्टसनेही लिहून ठेवलं आहे. फळ पिकतं, बी मात्र नसतं. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी स्मर्ना जातीची अंजिराची झाडं लावली तेव्हा फळं गळत राहिली. अखेर 1899 मध्ये फ्रेस्नोला परागवाहक कीटक नेऊन स्थिरावल्यावरच ती टिकू लागली. आपल्या पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते परागीभवनाशिवाय वाढणाऱ्या जातीचं आहे, तेव्हा त्यात केंबराची काळजी करायचं कारण नाही.

उंबर पिकलं की दुसरी गर्दी. तांबट, कुटुर्गा, बुलबुल, हळद्या, कोकीळ, धनेश. रात्री वटवाघळं आणि उदमांजर, खाली पडलेल्यावर भेकर. जगभरातली नोंद पाहता 1,274 जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी फायकसची फळं खातात. पेरूच्या कोचा काशू जंगलात जॉन टेरबॉर्ग यांनी दाखवलं, की बाकी फळांचा दुष्काळ असतो त्या महिन्यांत मोजक्या वनस्पती प्राण्यांना तगवतात आणि त्यांत ही झाडं अग्रणी. वर्षभर फळणं ही केंबरांची गरज, पण तिच्यावर जंगलातले कितीतरी प्राणी टंचाईचे दिवस काढतात. बोर्जेस यांनी उंबराकडे वळण्याआधी भीमाशंकर आणि उत्तर कन्नडमधल्या मागोडच्या रानांत शेकरूचा अभ्यास केला होता, आणि फायकसची फळं व फळटंचाई यांचा संबंध तिथेही तपासला होता. खाणारे सगळेच बी पेरतात असं मात्र नाही. आपला राज्यपक्षी हरियाल ज्या हिरव्या कबुतरांच्या कुळातला आहे, ती बिया जठरात भरडून टाकतात.

पार्वती-परमेश्वरापासून दत्तापर्यंत आपली दैवतं झाडांखाली बसलेली आहेत, पण उंबराचा मान वेगळाच. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळात शमला, ही गुरुचरित्रातली कथा घरोघरी माहीत आहे. वराहमिहिराने भूजलाच्या खुणा सांगताना उंबर मोजला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया धुंडाळल्या. वड-पिंपळ-उंबर न तोडण्याची रीत म्हणजे जंगलाला तगवणाऱ्या झाडांचं रक्षण, असं गाडगीळ पुढे ठामपणे मांडत राहिले. मला ते पटतं. फक्त त्या रिवाजाने झाड जपलं, झाडांमधलं अंतर आणि त्यांचं वेळापत्रक जपायची गरज तेव्हा कुणाला भासली नव्हती, कारण उंबरं मुबलक होती.

आता ती गरज आहे. 1998 च्या एल निनोच्या दुष्काळात बोर्निओतल्या लांबीर उद्यानात काही फायकसनी फळणं थांबवलं. तेवढ्या खंडाने त्यांची केंबरं त्या जंगलातून नाहीशी झाली. झाडं उभी होती, पुन्हा बहरलीही, पण काही जातींना सोबती लवकर परत मिळाला नाही. हे ऱ्हेट हॅरिसन यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलं. सिंगापूरमधल्या 2013 च्या प्रयोगांत तापमान वाढवलं तसं केंबरांचं आधीच तोकडं आयुष्य झपाट्याने आखडलं. कुपी भर उन्हातही पाणी बाहेर टाकून आतलं तापमान खाली ठेवते. म्हणजे मुळाशी ओलावा हवाच, आणि उंबर ओढ्यानाल्याच्या काठी का टिकतं हे त्यातून कळतं. ते ओढे आपण सिमेंटने बांधून काढतो, रस्ते रुंद करताना काठावरची उंबरं एकेक करून जातात, आणि बदली रोपं भलत्याच तालुक्यात लागतात.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि त्याखाली दर पाच वर्षांनी वृक्षगणना होते. झाडाची जात, घेर, उंची लिहिली जाते. उंबर, वड, पिंपळ यांच्यापुरता तरी आणखी एक रकाना वाढवावा. कुपी केव्हा धरली, केव्हा पिकली, हे दर महिन्याला वर्षभर टिपावं. शाळेतली मुलंही हे काम करू शकतील. दोन वर्षांची नोंद झाली, तरी कोणत्या पट्ट्यात चैत्र-वैशाखात फळणारं एकही उंबर उरलेलं नाही, हे नकाशावर दिसेल. नवी रोपं त्या जागी लावता येतील.